पाठमोरीचा चेहरा बघायला मुरबाडला

नऊ वर्षं मी एका बाईची पाठ बघतेय. ऐकायला खुळ्यासारखं वाटेल, पण ‘वसाहत बारा’ बघणाऱ्यांना लगेच कळेल. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. पृथ्वीवरून निघालेली माणसं एका ओसाड ग्रहावर वसाहत उभी करतात, अशी ही मालिका. आम्ही चाहते स्वतःला ‘बाराकर’ म्हणवतो आणि मालिका बघण्यापेक्षा तिच्या नावानं बोटं मोडण्यात जास्त वेळ घालवतो. यानाचं दार प्लायवूडचं आहे. कॅप्टन मेला, परत आला, परत मेला. एकदा तर परग्रहाच्या क्षितिजावर विजेचा खांब दिसला, वर कावळा!

पण एका गोष्टीवर सगळ्या बाराकरांचं एकमत आहे, ती म्हणजे पाठमोरी. वसाहतीच्या मागे, लांब, राखाडी झगा घातलेली एक बाई उभी असते. बोलत नाही, हलत नाही, वळत नाही. कुणी म्हणतं ती ग्रहाची मूळ रहिवासी, कुणी म्हणतं कॅप्टनची आई. आमच्या ग्रुपवर तिच्यावरून घटस्फोट व्हायचेच बाकी आहेत. यंदाचं पर्व शेवटचं असं जाहीर झालं, तेव्हा मी निर्मात्यांना पत्र लिहिलं: पाठमोरीला वळवा, आम्हाला तिचा चेहरा बघायचाय. भराभर सह्या झाल्या. आणि काय आश्चर्य, उत्तर आलं! चेहरा दिसणार!

मग मला दम निघेना. मागे दिसणारे दोन सुळके मच्छिंद्र-गोरखचे आहेत, म्हणजे जागा मुरबाड तालुक्यात, म्हसा गावाच्या पुढे, हे एका बाराकरानं कधीच शोधून काढलं होतं. मी नवऱ्याला म्हटलं, गाडी काढ. अविनाश मालिका बघत नाही. तो म्हणाला, “टीव्हीत पाठ बघून झाली, आता जागेवर जाऊन बघायची?” पण गाडी काढली.

मार्चअखेरच्या शनिवारी सकाळी सातला नाशिक सोडलं. कसारा घाट रिकामा मिळाला तर दोन तासांत शहापूर येतं. आम्हाला ट्रक लागले, पावणेतीन तास गेले. शहापुरात बाजाराजवळच्या एका खानावळीत तांदळाची भाकरी, चवळीची उसळ आणि ठेचा खाल्ला. दोघांचे दोनशे चाळीस. त्या भाकरीसाठी मी परत कसारा घाट उतरीन. पेट्रोल आणि पाणी इथेच भरून घ्या. पुढे किन्हवली-सरळगाव मार्गे मुरबाड. रस्ता बरा आहे, पण मधे मधे खड्डे असे की अविनाशनं विचारलं, “तुमची वसाहत इथूनच सुरू होते का?” दोन्हीकडे मोहाची फुलं वेचणाऱ्या बायका दिसत होत्या. गाडीची काच खाली केली की तो गोडसर, उग्र वास आत यायचा.

मुक्काम मुरबाडला केला. लॉज साधं होतं, बाराशे रुपये, गरम पाणी सकाळी आठपर्यंतच.

रविवारी लवकर निघून म्हशाला चहा घेतला. जत्रा होऊन गेली होती. पौषात आलात तर इथे बैलबाजार आणि घोंगड्या बघायला मिळतील, पण तेव्हा गाडी लावायला जागा मिळणार नाही. चहावाल्याला मोबाइलवर पाठमोरीचा फोटो दाखवला आणि जरा चाचरतच विचारलं, “ही जागा कुठे आहे हो?”

त्यानं फोटोकडे नीट बघितलंसुद्धा नाही. “ही तं चांगुणाबाय! आमी तिला पाठीवरनंच वळखतो. जत्रंत मागनं आली तरी पोरं वरडतात, आली गो परग्रहावरची!” आणि वाडीचा रस्ता सांगून वर म्हणाला, “जावा, पन औंदा ती जरा रुसलेली हाय.”

नऊ वर्षांचं गूढ सात रुपयांच्या चहात उलगडलं. मला हसू आवरेना, आणि थोडं वाईटही वाटलं.

डांबरी रस्ता संपल्यावर वीस मिनिटं चालावं लागतं. टोपी न्या, चपला नकोत, बूट घाला. कातळ नऊ वाजताच तापतो. वर पोचलो आणि मी थबकलेच. तोच ग्रह! तोच उतार, तेच सुळके, आणि हो, तो विजेचा खांबही. कातळाच्या कडेला मातीचा एक तुकडा होता. त्यावर वाळका पाला, शेण, टहाळ्या नीट थरांनी रचलेल्या, आणि त्याच्याजवळ आमच्याकडे पाठ करून एक बाई टहाळ्या दाबत होती. ती पाठ मी कुठेही ओळखली असती.

“चांगुणामावशी?” मी हाक मारली.

त्या वळल्या. बस्स, इतकंच. ना संगीत वाजलं, ना वीज चमकली. साठीच्या आसपासचा बारीक चेहरा, कपाळावर गोंदण, आणि उन्हानं मिचमिचे झालेले डोळे. मला मात्र भरून आलं, अगदी वेड्यासारखं.

“कुटनं आल्या?” त्यांनी विचारलं. नाशिकहून म्हटल्यावर पाण्याचा तांब्या पुढे केला. “बसा. राबावर नका पाय देव फकस्त.”

राब म्हणजे तो पाल्याचा थर. पावसाआधी तो भाजायचा, मग त्या जागी भाताचं बी टाकायचं. “राब भाजल्याबिगर रोप जोर नाय धरत,” त्या म्हणाल्या. “पयल्या साली शूटिंगवाले आले, सगला राब तुडवला. कोन बिडी फेकल आन् अवेळी पेटल, म्हनून मी हितं उभीच रायली. साहेब बोलला, मावशी बाजूला व्हा. मी बोलली, जागा माजी हाय. मंग बोलला, बरं, पन कॅमेऱ्याकडं बगू नका. मी तिकरं पाठच केली! मंग त्याईनी मला तो झगा घातला.”

अविनाश खो खो हसत सुटला. ग्रहाचा आत्मा, काळाची साक्षीदार, काय काय लिहिलं होतं आम्ही! बाई आपलं भाताचं रोप राखत होती.

पुढच्या वर्षी शूटिंगवाल्यांनी स्वतःहून बोलावलं, दिवसाचा रोज दिला. दर रविवारी अख्खी वाडी एका घरात जमून मालिका बघायची आणि त्या मागे दिसल्या की टाळ्या पडायच्या. त्यांचीही तक्रार होती बरं का. “तो कॅप्टन सारका मरतो आन् येतो. असं कुटं असतं गो?” अगदी बाराकर!

मग त्या परत टहाळ्या दाबायला लागल्या. “औंदा सांगून गेले, मावशी तुमी नको. दुसरी बाय येनार, पिच्चरवाली. आता तोंड दावायचं हाय ना. लोकांनी कागद पाठवला म्हनं.” हातातली टहाळी त्यांनी मोडली. “नऊ वर्सं पाठ चालली माजी. तोंड काय वंगाळ हाय?”

गप्प राहिले असते तर त्यांना कधी कळलंही नसतं. अविनाश माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, “मावशी, तो कागद मी लिहिला.”

त्यांनी मोडलेली टहाळी राबावर टाकली. रागावतील असं वाटलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

“तुमाला माजं तोंड बगायचं व्हतं, तं असं यायचं व्हतं,” त्या म्हणाल्या. “कागद कशाला लिवला?”

मी माफी मागितली. त्यांनी मान हलवली, ती हो म्हणून की नको म्हणून, कळलं नाही. फोटोला नाही म्हणाल्या. पण निघताना ओंजळभर वाळवलेली मोहाची फुलं रुमालात बांधून दिली, आणि त्यानं मी आणखीच ओशाळले.

घरी परतल्यावर त्याच रात्री निर्मात्यांना दुसरं पत्र लिहिलं: चेहरा दाखवायचा तर जिची पाठ आहे तिचाच दाखवा. ग्रुपवर नाव न घेता हेच मांडलं. सह्या झाल्या अकरा, शिव्या त्याहून जास्त. इतकी वर्षं वाट बघून आता पलटी का मारतेस, असा सूर. निर्मात्यांकडून उत्तर आलं नाही.

मे महिन्यात शेवटच्या भागाची झलक आली. राखाडी झग्यातली नटी वाऱ्यात हळूच वळते, मोठं संगीत, मोठे डोळे. ग्रुपवर धुमाकूळ! लिपस्टिक आहे, हे काय, परग्रहावर? इतकी तरुण कशी? नऊ वर्षं याच्यासाठी घालवली का? पहाटेपर्यंत भांडण चाललं होतं.

मी झलक थांबवली आणि दोन बोटांनी चित्र मोठं केलं. नटीच्या खांद्यामागे, लांब, कातळाच्या कडेला, लुगडं नेसलेली एक बाई राबाजवळ उभी होती. कमरेवर हात. तोंड सरळ कॅमेऱ्याकडे.

एकाही बाराकराचं तिकडे लक्ष गेलं नव्हतं.