नाकवाले मामा

घरगाड्यांच्या त्या तळावर मामांना सगळे ‘नाकवाले मामा’ म्हणायचे. घरगाडी म्हणजे ओटा, पलंग, संडास असं अख्खं बिऱ्हाड पोटात घेऊन उभी असलेली मोठी गाडी. बिऱ्हाड आलं की मैला आला, आणि मैला आला की गाडीच्या बुडाशी त्याची टाकी आली. ती टाकी तुंबली, गळली, रुसली की मामांना बोलावणं जायचं. मामा दारात उभे राहायचे, डोळे मिटून एक श्वास घ्यायचे आणि सांगायचे, “मागचा सांधा.” आणि मागचाच सांधा निघायचा! लोक ज्या वासाला नाक मुरडतात, त्या वासावर या माणसाने तीस वर्षं संसार चालवला.

आणि गेल्या हिवाळ्यातल्या तापात तेच नाक गेलं. म्हणजे नाक जागेवर होतं, चष्माही त्यावर नीट बसायचा, पण वास म्हणून काही येईना. एकदा शेगडीवर दूध करपून भांड्याचा कोळसा झाला आणि हे शेजारी बसून पेपर वाचतायत. मामी बाहेरून धावत आली, तेव्हा म्हणाले, “डोळा लागला होता.” साफ खोटं. डॉक्टर म्हणाले होते, वास परत येईलही किंवा नाहीही. वा रे डॉक्टर! हे तर मामांनाही सांगता आलं असतं.

मामांनी कुणाला पत्ता लागू दिला नाही. बिननाकाच्या नाकवाल्याला तळावर कोण हाक मारणार? डोळे मिटून श्वास घ्यायचं नाटक तसंच चालू ठेवलं, पण काम आता हातांनी, कानांनी आणि विचारून विचारून. तासाभराच्या कामाला दिवस जायचा. संध्याकाळी घरी येऊन बसले की उठवत नसे. नाकी नऊ येणं म्हणजे काय, ते मामांना साठाव्या वर्षी, नाक नसताना कळलं.

त्या दिवशी सकाळी बाईंचा निरोप आला. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या, तळाच्या टोकाला नवऱ्याबरोबर राहायच्या. नवऱ्याला सगळे काका म्हणायचे. जन्मभर मालट्रक चालवलेला माणूस, पण दोन वर्षांपूर्वी अंगावरून वारं गेलं आणि पलंगाला खिळला. बोलणं एखाद्या शब्दापुरतं उरलेलं.

“मामा, टाकीच्या मापाचे दिवे बघा हो. टाकी सारखी भरलेली दाखवतायत,” बाई म्हणाल्या. मग आवाज खाली घेतला. “आणि आत वास येतो. तो टाकीचाच आहे का, तेवढं सांगा मला.”

“मग दुसरा कशाचा असणार?”

बाईंनी पलंगाकडे पाहिलं आणि पटकन मान फिरवली.

मग एकेक बाहेर आलं. मुलगा महिन्यातून एकदा यायचा आणि दारातच नाकाला रुमाल लावायचा. आईच्याने बाबांची स्वच्छता होत नाही, असं त्याचं म्हणणं. आजाऱ्यांना सांभाळणाऱ्या एका संस्थेत त्याने बाबांसाठी खाटसुद्धा धरून ठेवली होती. आज चार वाजता तो तिथल्या कागदावर बाईंची सही घ्यायला येणार होता.

“दिवसातून तीनदा पुसते हो मी त्यांना,” बाई म्हणाल्या. “घासून घासून कातडं लाल झालं. तरी जात नाही.”

“गाडी,” काका पलंगावरून म्हणाले.

“हो हो, जाऊ हं फिरायला.” बाईंनी त्यांच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. “सहा महिने हाच एक धोशा लावलाय. गाडी, गाडी! बसल्या जागी फिरायचं वेड काही जात नाही.”

मामांनी सवयीने डोळे मिटले, श्वास घेतला. काही नाही. पूर्वीचे असते तर एव्हाना उत्तर देऊन चहा प्यायले असते. आता इथे एका माणसाचं घर सुटायची वेळ आली होती आणि त्यांच्याकडे होते दोन हात आणि एक बॅटरी. मामांना स्वतःचाच वीट आला. पण बाई तोंडाकडे बघत होत्या, म्हणून गाडीखाली शिरले.

पाठीवर आडवं होऊन त्यांनी टाकीवर पान्याने ठोकलं. कडेला पोकळ आवाज, आणि मधोमध, बरोबर संडासाच्या खाली, भद्द.

“बाई, खालचा व्हॉल्व्ह उघडा कसा?”

“कायम उघडाच ठेवते,” बाई वरून म्हणाल्या. “वाहतं राहिलं की साचत नाही ना! पोरांना जन्मभर तेच शिकवलं.”

मामांना गाडीखाली पडल्या पडल्या हसू आलं. “अहो बाई, पाणी वाहतं. बाकीचं कुठे वाहतंय? पाणी निघून गेलं की ते बसतं तिथेच, ढीग करून. व्हॉल्व्ह बंद ठेवायचा, टाकी भरत आली की एकदम सोडायची, म्हणजे पाण्याच्या लोंढ्याबरोबर सगळं निघतं. तुमचे दिवेही त्यामुळेच वेडे झालेत. टाकीच्या भिंतीला आतून पुसायचा कागद चिकटला की ते भरल्याचंच दाखवणार.”

व्हॉल्व्ह बंद केला, संडासातून गरम पाण्याच्या बादल्या ओतल्या, ढीग भिजू दिला, मग लांब नळी आत घालून जोराचा फवारा मारला. सोडायचं, भरायचं, पुन्हा सोडायचं. बाहेर जाणाऱ्या पाइपला मामांनी पारदर्शक तुकडा जोडला होता. त्यातलं पाणी स्वच्छ दिसायला दुपारचे दोन वाजले आणि मामांच्या कमरेचे टाके ढिले झाले.

पण टाकी खाली आणि वास वर, तो घरात कसा शिरतो? तेच तर नाकाचं काम होतं. मामा संडासासमोर मांडी घालून बसले. बाहीचा एक उसवलेला धागा तोडला आणि भांड्याच्या तळाशी, टाकीच्या तोंडावर बसणाऱ्या झाकणीच्या कडेला धरला. धागा थरथरला आणि सरळ वर उभा राहिला. मामांनी वर पाहिलं. छतात पंखा गरगरत होता.

“हा कधीपासून चालू आहे?”

“सहा महिने झाले. रात्रंदिवस. वास बाहेर जावा म्हणून.”

मामांनी बटण बंद केलं. धागा खाली लोंबला. पुन्हा चालू केलं, पुन्हा उभा.

“बाई, झाकणीचा रबरी वायसर सुकून चिरलाय. आणि हा पंखा वास बाहेर काढत नव्हता, टाकीतला वास वर खेचून घरात आणत होता.”

बाईंनी हात लांब करून पंख्याचं बटण बंद केलं.

मामांनी वायसर बदलला, ग्रीस लावलं, दारं-खिडक्या सताड उघडल्या. साडेतीन वाजले. बाईंनी विचारलं, “आता येतोय का? माझं नाक तर मेलंय या वासात राहून. तुम्हीच सांगा.”

‘नाही येत’ म्हणणं किती सोपं होतं! मामांनी डोळेसुद्धा मिटले. पण खोटं ठरलं असतं तर त्या पलंगावरच्या माणसाचं घर सुटलं असतं. त्यांनी डोळे उघडले.

“मला नाही सांगता येणार, बाई. हिवाळ्यापासून मला वासच येत नाही. घरीही ठाऊक नाही.”

बोलून झालं आणि मामांना एकदम फार थकल्यासारखं वाटलं. तेवढ्यात पलंगावरून मोठा श्वास ओढल्याचा आवाज आला. काकांनी नाकपुड्या फुगवून आणखी एकदा हुंगलं आणि ‘नाही येत’ अशी मान हलवली. बरा हात उचलून संडासाकडे बोट केलं.

“गाडी,” ते म्हणाले. मग बोट स्वतःच्या छातीवर टेकवलं आणि फार जोर लावून म्हणाले, “मी नाही.”

बाईंनी त्यांचा तो घासून लाल झालेला हात धरला आणि तोंडात पदर कोंबून रडल्या. सहा महिने माणूस ओरडून सांगत होता, आणि त्या म्हणत होत्या, जाऊ हं फिरायला.

चारला मुलगा आला. दारात थबकला, रुमाल हातातच राहिला. “अरे, आज वास नाही! बाबांना नीट आंघोळ घातलीस वाटतं.”

“त्यांना नाही, गाडीला घातली,” बाई म्हणाल्या. “तो कागद खिशातच ठेव.”

मुलाचं तोंड उतरलं. तो मामांकडे वळला. “तुमच्या नाकाबद्दल ऐकलं होतं, मामा. मानलं बुवा तुम्हाला.”

बाईंनी मामांकडे पाहिलं. मामांचं गुपित त्या फोडणार नव्हत्या. मामांनी पाना पिशवीत टाकला आणि पिशवी खांद्याला लावली.

“माझं कसलं नाक?” ते म्हणाले. “नाक तुझ्या बापाचं. त्यालाच विचार.”