सरकारी भावाचं तेजाब

लोक भेटले की पाऊसपाण्याची चौकशी करतात. बाळकृष्ण माने तेजाबाच्या भावाची बातमी सांगत. "वैनी, आज आनिक दोन रुपयानं वाढलं," असं म्हणून ते असा चेहरा करत की वाटावं, घरातलं कुणीतरी आजारी आहे. तेजाब म्हणजे शोऱ्याचं तेजाब, नायट्रिक ॲसिड. सोन्यात मिसळलेली चांदी आणि तांबं त्यात विरघळून जातं आणि सोनं तेवढं तळाशी राहतं. चंडीगडला लागून असलेल्या मनीमाजऱ्याच्या बाजारात, एका अरुंद बोळाच्या तोंडाशी त्यांचं गलाईचं दुकान होतं. जुने दागिने वितळवायचे, तेजाबात उकळायचे आणि शुद्ध सोनं काढून द्यायचं, एवढाच धंदा. दुकान म्हणजे एक भट्टी, एक तराजू आणि कायमचा ठसका.

माने सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याचे. त्या तालुक्यानं हिंदुस्थानभर गलाईवाले पेरून ठेवलेत. चंडीगडात आम्ही मराठी माणसं होतो त्यात डॉक्टर होते, प्राध्यापक होते, माझ्या नवऱ्यासारखे सेक्टर एकोणचाळीसच्या संस्थेतले शास्त्रज्ञ होते, आणि बदलीवर आलेले सरकारी लोक होते. गणपतीची वर्गणी मागायला सगळ्यांना माने आठवत. आरतीच्या वेळी मात्र त्यांना ताट कुणी देत नसे, कारण त्यांच्या सदऱ्याला भोकं असत आणि बोटं पिवळी. मला त्यांच्याकडे जायला आवडे. एक तर तिथं कुणी संशोधनावर बोलत नसे. दुसरं म्हणजे त्यांच्याकडे गावाकडचं ज्वारीचं पीठ असे आणि ते मला दाबून भरून देत.

माणूस चिकट होता, हे आधीच सांगितलेलं बरं. अंबाल्याला तेजाब स्वस्त मिळतं म्हणून ते बसनं तिकडे जात. मी एकदा विचारलं, "जाण्यायेण्याचं भाडं धरलं तर काय उरतं?"

"उरत काय न्हाई. उलट म्हागच पडतंय," ते म्हणाले. "पर मनाला बरं वाटतंय."

पुढे ते बरं वाटणंही गेलं. ते साल सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीचं, पंजाबातल्या दहशतवादाचं. ट्रान्झिस्टर बेवारस दिसला की बॉम्ब म्हणून लोक पळत सुटत. संध्याकाळी रस्ते ओस पडत. दर चौकात नाका, आणि नाक्यावर पोरगेलेसे जवान आमच्या डब्यातली भाजी काठीनं ढवळून बघत. अशा दिवसांत बॉम्बलाही लागणारं तेजाब घेऊन बसमध्ये बसणं म्हणजे स्वतःहून तुरुंगाचं दार ठोठावणं. मान्यांनी काही दिवस ते लोणच्याच्या बरणीतून आणलं. एका नाक्यावरच्या हवालदाराला आंब्याचं लोणचं फार आवडायचं, हे कळल्यावर तोही मार्ग बंद झाला. मग बाजारात चोरून मिळेल ते, मागतील त्या किमतीला. मान्यांचं वजन उतरलं. खरंच उतरलं, मी अतिशयोक्ती करत नाही.

त्याच सुमाराला बीबी हरबंस कौर त्यांच्याकडे आली. बोळाच्या दुसऱ्या टोकाला तिचं घर, दारात म्हैस. तिचा एकुलता एक मुलगा जगतार याला बाजारातून पोलिसांनी उचललं होतं. उचलताना पाहणारे दहाजण होते आणि बोलणारा एकही नव्हता. जवळच्या चौकीवर ती रोज जाई आणि तिथं रोज एकच उत्तर मिळे, जगतार नावाचा मुलगा इथं कधी आलाच नाही, तो सरहद्दीपार पळाला असेल. मग एक मध्यस्थ उगवला. अशा वेळी ते उगवतातच. तो म्हणाला, पोरगा अमृतसरकडच्या तुरुंगात आहे, सोडवून आणतो, पण मला नोटा नकोत, शुद्ध सोनं हवं.

बीबीनं बांगड्या, गळ्यातला हार आणि एक मुरकी मान्यांपुढे ठेवली. मुरकी म्हणजे तिकडची तरुण पोरं कानात घालतात ती बारीक कडी. हिला खाली सोन्याचे तीन दाणे होते. जगतारचा एक कान चिघळला होता म्हणून त्यानं ही काढून ठेवली होती. दुसरी त्याच्या कानातच होती.

"ही राहू द्या, बीबी. आल्यावर घालेल," माने हिंदीत म्हणाले.

"तो येऊ दे, वीरजी. दोन्ही नव्या करीन," ती म्हणाली. वीरजी म्हणजे भाऊ.

ती गेल्यावर मान्यांनी मुरकी डबीत बाजूला ठेवली आणि तिच्या वजनाचं सोनं आपल्याजवळचं घातलं. मी तिथंच बसले होते. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "ह्यात काय न्हाई वैनी, आसं करावं लागतंय कधीकधी." मला अंबाल्याचं भाडं आठवलं.

बीबीकडून मजुरी घ्यायची नाही, हे त्यांनी ठरवलं. पण तेजाब? तेजाबाचा चोरबाजारातला भाव त्यांच्या जिवाला लागला. परवाना काढला तर सरकारी भावानं तेजाब मिळतं, असं त्यांनी कुठंतरी ऐकलं. इतकी वर्षं परवान्याविना धंदा केला, आता कायद्यानं वागावं म्हणाले. अर्ज मी इंग्रजीत लिहून दिला. इंग्रजी चांगलं असावं, कारण पोलिसांनी तो वाचला.

आणि वाचून ते लगेच आले. तेजाब वापरणारा माणूस स्वतः लेखी कबूल करतो आहे, एवढी सोपी केस त्यांना बऱ्याच दिवसांत मिळाली नव्हती. दुकानात शोध घेतला तेव्हा अर्जात जे लिहिलं होतं तेच सापडलं. त्यांनी बाटल्या उचलल्या, आणि भट्टीशेजारी कोमट वाळूत ठेवलेली चिनी मातीची बरणीही उचलली. बरणीत निळंहिरवं पाणी आणि तळाशी चहाच्या चोथ्यासारखा तपकिरी गाळ. तो गाळ म्हणजे बीबीचं सगळं सोनं. भट्टीत वितळेपर्यंत ते पिवळं दिसत नाही.

मान्यांना त्यांनी संध्याकाळी सोडलं. बरणी ठेवून घेतली. माने आमच्या घरी आले आणि पहिल्यांदाच त्यांनी तेजाबाचा भाव सांगितला नाही.

पेच असा होता. बरणीत सोनं आहे असं सांगितलं, तर ते चौकीतून बाहेर येणार नाही. काही नाही, निरुपद्रवी आहे असं सांगितलं, तर पुरावा म्हणून लाख लावून कपाटात जाणार. भयंकर धोकादायक आहे असं सांगितलं, तर नेऊन घग्गर नदीत ओतणार. माझा नवरा श्रीनिवास म्हणाला, "सत्य सांगावं." श्रीनिवास जंतूंवर काम करतो, त्याचा पोलिसांशी संबंध आलेला नाही.

शेवटी पोलिसांनीच पेच सोडवला. चौकीच्या मुन्शीला ती बरणी रात्री खदखदेल अशी भीती वाटली. त्यानं ती आवारातल्या तुतीच्या झाडाखाली लवंडली, हातपंपाखाली स्वच्छ धुतली, आणि चौकशीत काही निघालं नाही तेव्हा मान्यांना बोलावून परत दिली. "साफ करके दी है," असंही सांगितलं.

मी असते तर तिथंच सोन्याचं नाव घेऊन बसले असते. माने हात जोडून म्हणाले, "साहेब, हे तेजाब लई वाईट. माती जळंल, झाड मरंल, जवानांच्या पायाला फोड येतील. चूक माजी हाय. मी माती काडून नेतो, नवी टाकतो. सगळं आवार झाडून देतो." हे त्यांनी अर्थात त्यांच्या त्या हिंदीत सांगितलं. मला सांगताना मात्र त्यांना ते मराठीतच आठवत होतं.

चौकीचा इन्चार्ज खूश झाला. सरकारी आवार फुकट झाडून देणारा माणूस त्यानं पाहिला नव्हता. रोज सकाळी माने झाडू आणि पोती घेऊन चौकीत जात. झाडाखालची माती खरवडत, हातपंपाभोवतीचा चिखल भरत, भिंतीच्या कडेची धूळ ओढून आणत. सोनाराच्या दुकानातला केर विकत घेऊन त्यातून सोनं काढणं हा त्यांच्या धंद्याचाच भाग. फक्त आजवर केर सोनाराचा असे. जवान त्यांची थट्टा करत आणि त्यांना चहाही देत. बीबी त्याच आवारात बाकड्यावर बसलेली असे, रोजचं उत्तर ऐकायला. तिला वाटे, मरहट्ट्याला शिक्षा झाली. सोन्याचं तिनं विचारलं नाही. माने म्हणत, "ती इच्यारत न्हाई ह्येच्यानं झोप लागंना."

आवार लख्ख झालं, आणि खूश झालेल्या इन्चार्जनं परवान्याच्या कागदावर चांगली शिफारस लिहिली. परवाना आला. मान्यांनी सरकारी भावानं तेजाब आणलं आणि बाटली देवापुढे ठेवल्यासारखी फळीवर ठेवली. मी मुद्दाम अभिनंदनाला गेले. ते मागच्या मोरीत परात हलवत मातीचं शेवटचं पोतं धूत बसले होते. माती वाहून जाते, जड ते राहतं. तपकिरी गाळ तोवर बराचसा हाती आला होता. त्या दिवशी परातीत खिळे राहिले, एक बटण राहिलं, लाकडी कंगव्याचे दोन दात कडेला चिकटले, आणि एक मुरकी राहिली.

तिला तीन दाणे होते. कडी उघडलेली नव्हती, ओढून सरळ झालेली होती.

माने उठले, डबीतली मुरकी आणली आणि दोन्ही तळहातावर ठेवल्या. मोरीत नळ चालूच होता.

घरी मी श्रीनिवासला सांगितलं. त्यानं आधी सगळं नीट विचारून घेतलं. मग म्हणाला, "तिला सोनं द्यावं. मुरकी त्यातच वितळवावी. सोनं म्हणून फरक नाही, आणि मान्यांचा परवाना राहील." त्याच्या म्हणण्यात चूक कुठं आहे, हे मला त्या वेळी शब्दांत सांगता आलं नाही. मला फक्त त्याचा राग आला. गणपती मंडळातल्या दोघा-तिघांनीही नंतर हेच सांगितलं, म्हणजे शहाणपण बरंच पसरलेलं होतं.

मान्यांना कुणाचा सल्ला नकोच होता. त्यांनी गाळ सरकारी भावाच्या तेजाबात पुन्हा उकळला, वितळवला, लगड केली आणि बीबीला बोलावून तिच्यापुढे तोलली. वजन बरोबर भरलं. बीबीनं देवाचं नाव घेतलं आणि ओढणीच्या टोकात लगड बांधू लागली. मध्यस्थ दुपारी येणार होता.

"बीबी, त्याला काही देऊ नका," माने म्हणाले आणि दोन्ही मुरक्या तराजूशेजारी ठेवल्या.

तिनं आधी धड असलेली उचलली. मग दुसरी. ती बोटानं चाचपत राहिली.

"कित्थों?" कुठून, एवढंच तिनं विचारलं.

"चौकीच्या अंगणातून. झाडाखालून."

ती रडली नाही. तिनं मुरक्या मुठीत घेतल्या आणि दुकानाच्या पायरीवर जाऊन बसली. माने तिच्याजवळ जाऊन खाली बसले. संध्याकाळपर्यंत दोघं तशीच बसून होती. मध्यस्थ आला, बघितलं आणि बोळातूनच परतला.

त्या सोन्यातून तिनं वकील केला. हायकोर्टात अर्ज झाला. बाळकृष्ण मान्यांनी, ज्यांना कोर्टाची पायरी म्हणजे सापाचं बीळ वाटे, शपथेवर सांगितलं की ही मुरकी मला चौकीच्या मातीत मिळाली. सरकारी वकिलानं विचारलं, तुम्ही चौकीतून माती का चोरलीत? मुरकी कुणाचीही असू शकते, असं ठरलं. जगतार परत आला नाही. मान्यांचा परवाना सार्वजनिक सुरक्षिततेच्या कारणानं रद्द झाला, तो मिळून पुरतं वर्षही झालं नव्हतं. मुरकी पुरावा ठरली नाही, म्हणून निदान बीबीला परत मिळाली.

आमची पुण्याला बदली झाली तेव्हा मी निरोप घ्यायला गेले. बीबी पायरीवर बसली होती. मुलाच्या दोन्ही मुरक्या तिच्या कानांत होत्या. एकीची कडी दोऱ्यानं बांधलेली होती. ती नीट करून देतो म्हणून माने कितीदा म्हणाले, पण ती करू देत नसे.

आतून माने पीठ भरलेली पिशवी घेऊन आले. हात आणखी पिवळे झाले होते. चौकीच्या भीतीनं आता चोरबाजारातलेही त्यांना दुप्पट किंमत लावत होते. ते मला कोपऱ्यापर्यंत पोचवायला आले आणि वाटभर एकच रडगाणं गात राहिले.

"वैनी, काय भाव झालाय म्हायतीय का? परवडत न्हाई बगा," ते म्हणाले, आणि मागं वळून पायरीकडं एकदा बघितलं. "आजाबात परवडत न्हाई."