कवडूचा डावा गाल

देवरीच्या दवाखान्यात त्रेपन्न साली निर्मलाबाई नर्स होत्या. डॉक्टर टाके घालून मोकळे होत. जखम भरते की चिघळते, हे बघणं बाईंच्या गळ्यात. त्या दिवाळीत त्यांच्या गळ्यात पडला कवडू!

कवडू म्हणजे आमच्या दंडारीतला, गावच्या नाच-सोंगांच्या खेळातला नाच्या. लुगडं नेसून, गवळण होऊन उभा राहिला की बाया आपापल्या नवऱ्यांना कोपरानं ढोसत. बैलाचं शिंग लागून त्याचा डावा गाल फाटला. टाके छान बसले, वेळेवर निघालेही. पण बाईंनी पट्टी सोडावी तेव्हा कड लाल, गाल गरम, दाबलं की पू!

एकदा पट्टी सोडताना बाईंना खोबरेल तेलाचा वास आला.

"कवडू, रंग लावलास?"

"नाही जी."

"धुरपता, तू सांग."

दाराशी उभी त्याची बायको फणकारली, "रोज तालमीले खोबरेलात मुर्दाडशिंगाची पूड कालवून फासून राहिला जी. पट्टी काढते, गाल पांढरा करते, मंग तेच पट्टी बांधते."

बाईंनी कपाळावर हात मारला. "अरे, ओल्या जखमेवर रंग? इथं मी धुऊन धुऊन मेले!"

"मंडईची जत्रा तोंडावर आली जी. पट्टीवाली गवळण कोन पाहीन?"

"आणि असाच पू होत राहिला, गाल आत ओढला गेला, तर पुढच्या साली कोण पाहील?"

कवडूचा चेहरा उतरला. तो चेहरा हीच त्याची सारी कमाई होती.

"त्या गालावरून पदर घे. रंगाचं बोट जरी लागलं, तर माझ्या दारात पाऊल ठेवू नको."

"अर्धं तोंड झाकून? लोक हासतीन जी!"

"हसू दे!"

मंडईच्या दुपारी बाई अगदी पुढं बसल्या. कवडू आला. पदराचं टोक दातांत, उघडा तेवढा उजवा डोळा. त्या एका डोळ्यानं त्यानं अशी काही गवळण रंगवली की मंडई उसळली! बाईंचं लक्ष मात्र पदराखाली. नाच संपला न संपला तोच त्या तरातरा रिंगणात शिरल्या आणि साऱ्या गावासमोर त्यांनी पदर बाजूला केला.

"बाई, गवळणीले त सोडा!" ढोलकीवाला ओरडला.

"गप्प बस. पू नाही, कड गुलाबी... पण नाचून अंगच तापलंय मेल्याचं, गाल गरम की नाही ते कसं कळणार? उद्या ये!"

जखम भरली. व्रण राहिला, अंगठ्याएवढा, जरासा आत ओढलेला. कवडूनं तो पदर कधी सोडला नाही, अन् गवळणही सोडली नाही. पुढं कितीतरी वर्षं बाजारात बाई दिसल्या की तो डावा गाल पुढं करी.

"अरे, सुकली ती! कधीचीच सुकली!" बाई वैतागत, आणि तरी बोटानं दाबून बघत.