सड्यावरच्या टाकीतला श्रोता

सावर्ड्याच्या बाजारात उभं राहून कुणालाही विचारा, त्याला एकदा तरी भूत भेटलेलं असतं. वाण्याला भेटलेलं, न्हाव्याला भेटलेलं, आमच्या चुलत्यांना तर इतक्यांदा भेटलेलं की शेवटी शेवटी दोघं एकमेकांच्या तब्येतीची चौकशी करत असावेत. मला मात्र कधी कोणी भेटायला आलं नाही. त्यामुळे माझा असल्या प्रकारांवर विश्वास नव्हता म्हणा, किंवा राग होता म्हणा... आजही कुणी 'काल मला चकवा लागला' म्हणालं, तर मी आधी त्याच्या तोंडाचा वास घेतो. एवढं स्पष्ट करतो आणि स्वतःची हकीकत सांगतो. हसायचं तर हसा — मला हसणारे लोक आवडतात.

साल तीसच्या मागेपुढचं. मी मुंबईच्या एका कंत्राटदाराकडे 'नोझलवाला' होतो. हे काय प्रकरण, ते सांगायला हवं. एका लोखंडी पिंपात सुकी वाळू आणि सिमेंट घालायचं. शेजारी कॉम्प्रेसर धडधडत असतो. त्याची हवा ते सुकं मिश्रण लांबलचक रबरी नळीतून ढकलते. नळीच्या टोकाला नोझल धरून मी. पाणी तिथे, माझ्या हाताशी मिसळतं, आणि तो सगळा माल सणसणत जाऊन भिंतीवर आदळतो, चिकटतो. थापी नाही, रंधा नाही, फवारून केलेला गिलावा! यंत्राचं इंग्रजी नाव 'सिमेंट गन', म्हणजे आमच्या भाषेत तोफच.

काम निघालं रत्नागिरीला. गावामागच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळमाळावर, जांभा दगडात खोदलेली, वरून छप्पर टाकलेली पाण्याची मोठी टाकी होती. जांभा म्हणजे चाळण. टाकी भरावी आणि बघता बघता ती रिकामी व्हावी. तिला आतून गिलाव्याचा थर द्यायचा होता, तोही पावसाळ्यासाठी बंदर बंद व्हायच्या आत. शेवटची आगबोट चुकली तर यंत्रं सड्यावरच भिजत पडणार.

यंत्रं आली तो सोहळा बघण्यासारखा होता. आगबोटीतून मचव्यात, मचव्यातून किनाऱ्यावर, आणि तिथून बैल जुंपून सड्यावर. कॉम्प्रेसर, पिंप, पाण्याचा पंप, माल उतरवायचा हातरहाट, वाळूच्या चाळण्या... कोळ्यांचा अख्खा मिरकरवाडा बघायला लोटला.

"तोफ आली गो, तोफ!" एक म्हातारी ओरडली. "कोनावर उडवनार रे?"

"तुझ्या जावयावर!" आमचा दत्ताराम बैलांच्या मागून ओरडला.

"उडीव बाबा, उडीव! बरा नेम धर!"

दत्ताराम तिथलाच. पूर्वी आगबोटीवर इंजिनात खलाशी होता, आता आमच्याकडे पिंपावर. वरचं सगळं तो सांभाळणार. फोरमन होते होमजी, मुंबईचे पारशी. रागावले की डोक्यावरची टोपी काढून तिच्याशी बोलत. आणि टाकीच्या आत मी. मला एक मदतनीस दिला होता, पण दिवस भाजावळीचे. शेत भाजायला म्हणून तो घरी गेला तो गेलाच. दुसरा कोणी आत उतरायला तयार होईना.

आता माझं दुःख ऐका. माझा स्वभाव तुमच्या लक्षात आलाच असेल. मला बोलायला लागतं! जेवण एक वेळ चालेल, पण ऐकणारा हवा. आणि मला काम कोणतं मिळालं? सकाळी शिडीने टाकीत उतरायचं. झरोक्यातून येईल तेवढा उजेड आणि एक कार्बाइडची बत्ती. नोझल सुरू झालं की असा आवाज की स्वतःचं बोलणं स्वतःला ऐकू येऊ नये. वर दत्तारामला काही सांगायचं तर दोरी ओढायची — एक झटका म्हणजे सुरू, दोन म्हणजे बंद. दिवसभराचं माझं संभाषण ते एवढंच. संध्याकाळी बाहेर यावं तर होमजी झोपायच्या तयारीत आणि दत्ताराम घरच्या वाटेला. त्याची बायको मासे तळून वाट बघत असायची. त्यात त्याचा काय दोष?

माझं गाव सावर्डे तिथून काही फार लांब नव्हतं. पण आईवडील गेलेले, लग्नाचं राहून गेलेलं. घराला कुलूप होतं, आणि किल्ली ठेवायची कुणाकडे म्हणून माझ्याच खिशात होती.

असो. कामाकडे वळू.

एके दिवशी पूर्वेच्या भिंतीचा एक पट्टा मी फवारून काढला. फवारताना धुरळ्यात हातभर पुढचं दिसत नाही. थर बसतोय की नाही ते आवाजावरून ओळखायचं. कडक खरखर आली की भिंत माल धरतेय. त्या दिवशी मध्येच एका जागी आवाज मऊ झाला... वाळू पोत्यावर पडावी तसा. मी लक्ष दिलं नाही. पट्टा संपवला, दोरीला दोन झटके दिले, धुरळा खाली बसला, आणि मी बत्ती वर धरली.

भिंत सगळी करडी, ओली, छान भरलेली. मध्ये एक जागा कोरी. भिंतीवर ठोकलेली तारेची जाळी तिथे लख्ख चमकत होती, मागचा तांबडा जांभा दिसत होता. आणि त्या कोऱ्या जागेला आकार होता. डोकं, खांदे, पोटाशी घेतलेले गुडघे. भिंतीला टेकून कुणी उकिडवं बसावं आणि आपण त्याच्यावरूनच फवारा मारावा, मग त्याने उठून जावं — अगदी तसा. कडासुद्धा पुसट, जशा एखादी वस्तू मध्ये ठेवून फवारलं की येतात.

जमिनीवर बघितलं. भिंतीवरून उडालेली वाळू सगळीकडे पसरली होती. फक्त त्या आकारासमोर दोन पावलांएवढी फरशी स्वच्छ होती.

होमजी उतरले, बघितलं, टोपी काढली. "साला, मी हेला भिंत भरायला पाठवला, हा तसवीर काढते!" मग माझ्याकडे वळून, "तेल लागलाय तिथे. घासून काढ. उद्या भरला नाय तर तू बोटीवर. मी तार करून दुसरा नोझलवाला मागवते. समजला?"

समजलं. स्वतंत्रपणे नोझल हातात मिळालेलं ते माझं पहिलं काम होतं. ते गेलं असतं तर पुन्हा पाट्या उचलणं नशिबी होतं.

तारेच्या ब्रशने घासलं. सोड्याने धुतलं. टाकीच्या तोंडाशी वाकून दत्ताराम बघत होता.

"मिस्त्री, त्येल नाय ता."

"मग काय आहे?"

"मानूस बसलेला हाय. आंधळे झालाव काय?" हे तो 'आज बांगडा स्वस्त हाय' म्हणावं इतक्या सहज म्हणाला. "नारळ ठेवून गाऱ्हानं घाला. मी काय आत येयाचा नाय."

"येऊ नकोस. तुझ्या बायकोला कोण उत्तर देणार?"

नारळ माझ्याकडे नव्हता. पण गाऱ्हाणं घालायला जीभ होती! दुसऱ्या दिवशी उतरलो आणि भिंतीसमोर नाटकातल्या राजासारखा उभा राहिलो. "बा महाराजा," म्हटलं, "तू जो कोण असशील तो अस. पण माझ्या पोटावर पाय देऊन बसलायस. जरा सरकून बस रे बाबा, शेजारी कितीतरी भिंत मोकळी आहे."

दोरीला झटका दिला. कोऱ्या जागेवर नोझल धरलं. कडक खरखर... भिंतीने माल धरला! हर्षाने मी पुढचा पट्टाही त्याच तडाख्यात फवारला. धुरळा बसला, बत्ती वर केली.

तो सरकून बसला होता.

नव्या पट्ट्याच्या मधोमध, तसाच, गुडघे पोटाशी घेऊन.

घाबरलो का? खरं सांगू? पहिल्यांदा मी मोठ्याने हसलो. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझं बोलणं ऐकून तसं वागलं होतं.

मग रोज तेच. सकाळी मी म्हणायचो, "सरका राव." कालची जागा भरून निघायची, आजच्या पट्ट्यात नवी उरायची. दुसऱ्या दिवशी जुनी जागा भरलेली दिसली की होमजी टोपीशी फार बोलत नसत. आणि मी? नोझल बंद असलं की मी त्याच्याशी बोलत असे. आमच्या चुलत्यांची भुतं सांगितली. मुंबईच्या चाळीतल्या गमती सांगितल्या, नकला केल्या. मध्येच थांबून 'पुढे काय झालं असेल?' असं विचारायची माझी सवय आहे, तेही विचारलं. हसू आलं नाही, हुंकार आला नाही. पण उठून जाणारा नव्हता. दुपारची भाकरी मी त्याच्या शेजारी बसून खायचो, मध्ये थोडी जागा सोडून. एकच काळजी वाटायची... एवढी वाळू अंगावर घेतो हा रोज. लागत नसेल का?

मी असा चार भिंती फिरून आलो. तोही आला. आणि शेवटचा पट्टा उरला.

होमजी वरून म्हणाले, "उद्या बोट. आज टाकी पूरी पायजे. एक बी भोक नाय. नाय तर तू हितेच रहा, तुझ्या दोस्तारबरोबर." दत्तारामने त्यांना काय सांगितलं होतं, देव जाणे.

आदल्या पट्ट्यात तो बसलेला होता. त्याला आता सरकायला एवढीच भिंत होती, आणि तीच मला भरायची होती. टाकीत दुसरी जागाच नव्हती.

मी नोझल हातात घेऊन त्याच्यासमोर उभा राहिलो. म्हटलं, "हे बघ... जागा संपली. मला काम पुरं करायला हवं. तुला जा म्हणवत नाही. पण भिंतीला बसू नकोस, एवढं कर."

एक झटका. डोळे बारीक करून फवारत राहिलो. त्याची जागा भरली. शेवटचा पट्टाही भरला. कान देऊन ऐकत होतो, कुठेतरी आवाज मऊ होईल म्हणून. झाला नाही. सगळीकडे कडक खरखर. दोन झटके दिले. धुरळा बसला.

चारी भिंती भरलेल्या. कुठे टिकलीएवढीही कोरी जागा नाही. माझं काम वाचलं होतं. बत्ती घेऊन मी कोपरा न् कोपरा बघितला. जमिनीवर बघितलं. नव्हता.

शिडीने वर आलो. दत्तारामने हात दिला आणि नेहमीसारखा हसला, कारण दिवसभर त्या धुरळ्यात राहिलं की माणूस डोक्यापासून पायापर्यंत करडा होतो, पाठपोट एक. मी पाणी प्यायला वळलो, तसं त्याचं हसणं बंद झालं.

"मिस्त्री, पाठ कशी कोरी तुमची?"

"काय?"

"खांद्यापासून कमरेवरीत सदरा सोच्च हाय. टेकून उभे व्हतेव काय कशाला?"

"कशाला टेकणार? टाकीच्या मध्यावर उभा होतो मी."

त्याने बघितलं, मी सदरा काढून बघितला. बाह्या करड्या, पुढची बाजू करडी. पाठीवर रुंद पट्टा स्वच्छ, कडा पुसट. कुणीतरी माझ्या पाठीला पाठ लावून उभं राहिलं असतं, तर राहिला असता तसा.

होमजी म्हणाले, घामामुळे. घामाने सिमेंट जास्त चिकटतं, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. त्यांनी टोपी डोक्यावर घातली आणि यंत्रं उतरवायला गेले. पुढे टाकी भरली तेव्हा पाणी टिकलं. काम संपल्याच्या दुसऱ्या दिवशी आगबोटीच्या डेकवर मला कठड्याशी जागा मिळाली. सगळे टेकून बसले होते. मी थोडा पुढे सरकून बसलो, मुंबईपर्यंत.

याचा अर्थ काय, हे मला आजवर कळलेलं नाही. तेल, ओल, नोझलमधला दोष — सगळं तपासून बघितलं, एकही कारण त्या आकाराला पुरत नाही. दत्ताराम म्हणतो, कळून काय करायचं आहे. त्यानंतर मी कितीतरी टाक्या केल्या, दोन बोगदे केले, एका पुलाच्या कमानी केल्या. भिंती पहिल्याच फवाऱ्यात माल धरतात. काम झाल्यावर बाहेर येतो तेव्हा मात्र जो कोणी समोर असेल त्याच्याकडे मी आधी पाठ करतो आणि विचारतो, "बघ रे, भरली आहे का?"

भरलेली असते.