रिव्हर्स गिअरची फिर्याद

ते प्रकरण आठवलं की आजही मला आधी माझे स्वतःचे अनवाणी पाय दिसतात. अंगावर पूर्ण गणवेश, डोक्यावर टोपी आणि पायांत काही नाही, अशा अवतारात मी भर दुपारी पोलीस ठाण्याच्या आवारात एका जुन्या मोटारीत बसलो होतो, आणि माझे शिपाई खिडकीतून बघत होते. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, पण लोकांना सांगायला मला हीच केस आवडते. नावं मात्र सांगणार नाही. बडोदं तसं लहानच आहे आणि ही मंडळी मला अजून भाजी बाजारात भेटतात.

मी तेव्हा मांडवीच्या बाजूच्या एका ठाण्यात पोलीस इन्स्पेक्टर होतो. सकाळची हजेरी झाली, रात्रीच्या नोंदी पाहिल्या आणि अर्जदारांच्या बाकाकडे नजर टाकली. बाकावर एक गृहस्थ ताठ बसले होते. वय पंचाहत्तरीच्या आसपास, इस्त्रीचा सदरा, मांडीवर चार पानी अर्ज. कॉलेजात शिकवून निवृत्त झालेले. लहानपण घडियाळी पोळात, म्हणजे जुन्या शहरातल्या एका दाट वस्तीच्या गल्लीत गेलं, आता राहायला बडोद्याच्याच अकोटा भागात. मी मराठी आहे हे कळल्यावर ते थोडे सैल झाले. आपण त्यांना काका म्हणू.

अर्ज सुरेख गुजराती अक्षरात होता. काकांची मोटार सव्वीस वर्षांची. गिअरबॉक्समधून ऑइल गळत होतं, म्हणून त्यांनी ती मांडवीजवळच्या आपल्या नेहमीच्या मिस्त्रीकडे दिली. गाडी चार दिवस तिथं होती. परत आली त्या दिवसापासून गिअर टाकताना करकर आवाज, त्यातही रिव्हर्सला तर अख्खी सोसायटी गॅलरीत येते. त्यावरून काकांचा निष्कर्ष असा, की मिस्त्रीनं आतली चांगली दातेरी चाकं काढून घेतली आणि भंगारातली बसवली. चोरी आणि विश्वासघाताचा गुन्हा दाखल करावा, ही विनंती.

"किती वर्षं गाडी त्याच्याकडे जाते?" मी विचारलं.

"तीस. हिच्या आधीची स्कूटरसुद्धा तोच बघायचा."

"मग तीस वर्षांनी त्याला आत्ताच दुर्बुद्धी सुचली?"

"साहेब, ते तुम्ही शोधा. मी अरजी दिली," काका म्हणाले.

असा अर्ज एखादा फौजदार जमादाराकडे ढकलून मोकळा होतो. पण मला गाड्यांचा नाद. तरुणपणी मी पोलीस खात्याची खटारा जीप इतकी चालवली होती, की गिअर कुरकुरला तर दुखणं कुठे आहे ते मी डॉक्टरसारखं सांगायचो. निदान माझी तशी समजूत होती. अर्ज मी स्वतःकडे ठेवून घेतला.

दुपारी मिस्त्रीला बोलावलं. साठीचा, किरकोळ बांध्याचा माणूस, मूळचा गुजराती. पण आयुष्य पोळातल्या मराठी गिऱ्हाइकांत गेल्यामुळे मोडकंतोडकं मराठी बोलायचा. खुर्ची दिली तरी बसला नाही.

"साहेब, मी फक्त ऑइल सील बदलला. आतला एक दाता पण काढला नाही. काका नंतर तीन वेळा गाडी घेऊन आले. तिन्ही वेळा मी चालवून बघितली. गाडीमां कंई नथी, काहीच बिघाड नाही."

"म्हणजे काका खोटं बोलतात?"

"काका खोटं बोलणार नाहीत," तो पटकन म्हणाला. मग खाली बघत म्हणाला, "पण ते गल्लीत उभे राहून मोठ्यानं चोर बोलले. माझ्याकडे शाळेच्या नऊ व्हॅन येत होत्या. आता चार येतात. पोलीस केस झाली तर ह्या चार पण नाही येणार. मग शटर पाडून घरी बसायचं, बीजुं शुं?"

आरोपी रडला तर मी सावध होतो, हा नोकरीतला अनुभव. हा माणूस रडला नाही. मला तो आवडला, आणि आवडलेल्या माणसाची चौकशी जास्त कडक करायची हा माझा नियम होता. मी त्याला दोन तास बसवून तेच तेच प्रश्न उलटसुलट विचारले. उत्तरं बदलली नाहीत.

संध्याकाळी माझा जमादार टीप घेऊन आला. एका खबऱ्याचं म्हणणं, मिस्त्रीनं त्याच आठवड्यात भंगारवाल्याला गिअरबॉक्सचा माल विकला. आम्ही दोघं लगेच गेलो. माल खरोखरच होता. भंगारवाल्यानं तो आमच्यासमोर ओतला आणि मी एक चाक हातात घेऊन पाहिलं. ते रिक्षाचं निघालं. जमादार दोन दिवस माझ्या नजरेला नजर देत नव्हता.

तेव्हा मी ठरवलं, की आता साक्षीदार पुरे, गाडीलाच ठाण्यात हजर करायचं. काका गाडी घेऊन आले. मागच्या सीटवर काकू होत्या, सोबत सगळ्यांसाठी थेपल्यांचा डबा. मिस्त्रीला बोलावलंच होतं. तो आवाराच्या दुसऱ्या टोकाला, नळाजवळ उभा राहिला. त्याला नमस्कार करावा की नाही हे काकूंना कळेना, म्हणून त्यांनी डबा उघडला आणि आधी त्याच्यापुढे धरला.

मी दार उघडून आत पाय टाकणार, तोच काका म्हणाले, "साहेब, बूट."

"काय?"

"आम्ही या गाडीत पायताण घालून बसत नाही. पहिल्या दिवसापासून. गाडी म्हणजे लक्ष्मी."

काकांनी स्वतःच्या चपला काढून मागच्या कापडी पिशवीत ठेवल्या होत्याच. आता काय करणार? मी ठाण्याच्या पायरीवर बसून बूट काढले, मोजे काढले. खिडकीतले शिपाई एकदम कामाला लागले. मे महिन्याचं ऊन, पण गाडीत पाय ठेवला तर खाली मऊ आणि गार. जुन्या गाडीचा पत्रा इंजिनानं तापतो, अनवाणी पायाला चटके बसतात, म्हणून काकूंनी जुन्या सुती साड्यांची छान जाड गोधडी शिवून पेडलखाली अंथरली होती. नाड्या लावून चारही कोपरे बांधले होते. "वा, काय सोय केलीत," असं मी त्यांना म्हटल्याचं मला स्पष्ट आठवतं.

मग तपास सुरू केला. इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून पाहिले. एकूण एक लोण्यात सुरी जावी तसे पडले, रिव्हर्ससकट. इंजिन सुरू केलं, क्लच तळापर्यंत दाबला, रिव्हर्स टाकला आणि असा आवाज झाला, की कोठडीतला एक जण उठून गजांपाशी आला. पहिला गिअरही अडखळत पडला. गाडी आवारात फिरवली, तर चालत्या गाडीत दुसरा आणि तिसरा सुरळीत.

मी खाली उतरून जाहीर केलं, "काका, गिअरबॉक्स शाबूत आहे. दाते खराब असते तर चालत्या गाडीतही कुठल्यातरी गिअरला आवाज आला असता. दोष क्लचचा आहे. क्लच पूर्ण दाबला जात नाही, त्यामुळे आतली चाकं फिरतच राहतात आणि मग दात दातावर घासतात."

"माझा पाय चांगला आहे!" काका एकदम ओरडले.

पायाबद्दल कोणीच काही बोललं नव्हतं. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर माणूस देतो तेव्हा कान टवकारायचे, हे मला पहिल्या वर्षीच एका जुन्या जमादारानं शिकवलं होतं. मी काकूंकडे पाहिलं.

"मुलगा बंगळूरला असतो," काकू हळूच म्हणाल्या. "फोनवर आवाजाचं ऐकून म्हणाला, बाबा, तुमच्या पायात आता जोर राहिला नाही, गाडी विकून टाका. तेव्हापासून यांना झोप नाही."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मिस्त्री चोर ठरला तर काकांचा पाय शाबूत होता. मिस्त्री निर्दोष सुटला तर पाय म्हातारा झाला होता, आणि किल्ली गेली होती. काका वाईट मनानं आले नव्हते, घाबरून आले होते. मला त्यांची फार दया आली, आणि मिस्त्रीची त्याहून जास्त.

मी म्हटलं, "काका, आवाज माझ्याही पायानं झाला. तुमच्या पायाचा काही संबंध नाही." त्यांचा चेहरा उजळला. पण मग मी मिस्त्रीकडे वळलो आणि घाई केली. "म्हणजे क्लच तू चुकीचा बसवलास. चोरी नाही, पण निष्काळजीपणा आहेच."

"साहेब, केबल बरोबर आहे. माझ्याकडे आवाज येत नाही."

"इथे येतो आणि तुझ्याकडे येत नाही? गाडी काय माणूस पाहून ओरडते?"

"मी एकदा याच्या शेजारी बसलो होतो," काका म्हणाले. "याच्या हातून खरंच आवाज आला नाही. म्हणून तर संशय आला. यानं आत काहीतरी करून ठेवलंय आणि त्याची युक्ती यालाच ठाऊक आहे."

आता मी चक्रावलो. तीच गाडी, तोच क्लच, एका ठिकाणी गुन्हा करते आणि दुसऱ्या ठिकाणी शहाण्यासारखी वागते. मी चिडून मिस्त्रीवर आवाज चढवला, आणि चढवतानाच जाणवलं, की मी दोन तास याला नुसतं बोलायला लावलं होतं. घरफोडीच्या आरोपीला आम्ही जागेवर नेऊन कृती करून दाखवायला सांगतो. तोंडानं सांगताना माणूस रोजची बारीक गोष्ट गाळतो, कारण ती त्याला गोष्टच वाटत नाही. हात मात्र काही गाळत नाहीत.

"बोलू नकोस," मी म्हटलं. "गाडी आत्ता तुझ्या गॅरेजात आली असं समज. पहिल्यापासून जे करतोस ते कर."

मिस्त्रीनं खिशातल्या फडक्याला हात पुसले. दार उघडलं. वाकून गोधडीच्या नाड्या सोडल्या, ती बाहेर काढून झटकली, चौघडी घातली आणि मागच्या सीटवर नीट ठेवली. चपला काढल्या, आत बसला, इंजिन सुरू केलं आणि रिव्हर्स टाकला. टक्. बस, एवढाच आवाज. गाडी मागे आली.

"बघा," तो म्हणाला, "कंई नथी."

त्याला अजून काही कळलं नव्हतं. मी मागच्या सीटकडे बघत होतो.

"ती गोधडी का काढलीस?"

"काकींनी हातानं शिवलेली आहे, साहेब. माझ्या कपड्याला ग्रीस असतं. डाग पडला तर? काम झाल्यावर परत बांधून देतो."

गोधडी पुन्हा अंथरली. रिव्हर्स टाकला, करकर. काढली, टक्. असं तीनदा केलं. जमादारानं पेडलखाली हात घालून पाहिलं, गोधडीमुळे क्लच चांगला दोन बोटं वरच अडत होता. ज्या पुराव्यासाठी आम्ही भंगार उपसलं, त्याच्यावर मी अनवाणी पाय ठेवून बसलो होतो आणि वर त्याची तारीफ केली होती.

"काकू, ही शिवली कधी?"

"गाडी मिस्त्रींकडे होती ना, त्या चार दिवसांत. म्हटलं, जुनी पातळ झालीय, गाडी घरी आली की नवी जाड अंथरू." मग त्यांनी पदर तोंडाला लावला. "अगं बाई. म्हणजे चोर मी?"

जमादार आधी हसला, मग शिपाई हसले, मग मिस्त्रीही हसला. काका हसले नाहीत. ते ड्रायव्हरच्या सीटवर बसले आणि स्वतः रिव्हर्स टाकला. टक्. पुन्हा टाकला. पाच-सहा वेळा तेच करत राहिले. उतरले तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते. अर्ज मागे घेतो म्हणाले, आणि घेतलाही. मी चौकशीचा शेरा लिहून फाईल बंद केली. मिस्त्री मात्र आपल्या सायकलवरून निघून गेला.

काका जागेवरच उभे होते. "साहेब, अरजी कागदावर होती, ती फाडता येते," ते म्हणाले. "चोर तर मी तोंडानं म्हटलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गाडी घेऊन त्या गल्लीत गेले. मीही कुतूहलानं मागोमाग गेलो, साध्या कपड्यांत. व्हॅनवाले चहा पीत होते, दुकानं उघडत होती. काकांनी गाडी गॅरेजसमोर भर रस्त्यात उभी केली, बाहेर आले आणि वर्गात शिकवायचे त्याच खणखणीत आवाजात गुजरातीत बोलले. या माणसाला मी इथं उभा राहून चोर म्हणालो, ते खोटं होतं, चूक माझी होती, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. मग मिस्त्रीपुढे हात जोडले. मिस्त्रीनं ते हात धरून खाली केले. दोनदा खाकरून तो एवढंच म्हणाला, "काका, मागे रिक्षा खोळंबल्यात. गाडी जरा मागे घ्या." काकांनी गाडी मागे घेतली. पुढच्या महिन्यात चार व्हॅनच्या सात झाल्याचं जमादारानं मला आवर्जून सांगितलं.

त्यानंतर माझी एक सवय झाली. कोणी कोणाविरुद्ध फिर्याद घेऊन आलं, की मी मनात विचारायचो, हा आरोपी निर्दोष निघाला तर दोष कोणावर येईल? बऱ्याचदा त्या उत्तराला भिऊनच माणूस ठाण्याची पायरी चढलेला असायचा.

आता निवृत्त होऊन मलाही बरीच वर्षं झाली. गेल्या महिन्यात नवा मोबाइल घेतला, त्याचा आवाज फारच बारीक. दुकानदारानं मला खराब माल दिला, अशी माझी खात्री झाली आणि त्याला चांगला फैलावर घ्यायचा म्हणून तावातावानं निघालो. जिना अर्धा उतरलो आणि थांबलो. मग परत वर आलो आणि मुलीला म्हटलं, कानाच्या डॉक्टरांची वेळ घे.