सिकंदराची अंघोळ

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकींना नाही. नातवंडांना तर मी फक्त माझ्या शहाणपणाच्याच गोष्टी सांगते. ही मूर्खपणाची आहे, निदान सुरुवात तरी. सिकंदर बादशहा अंघोळीला भिऊन जगभर पळत होता, हे दहाव्या वर्षापर्यंत मी खरं मानत होते.

हसलात? हसा. मीही हसते — इथपर्यंत.

शहाद्याला मारवाडी शेटजींच्या दुकानात जिरं-हळद बांधायला रद्दी असायची. त्यातलं एक पुस्तक मी रडून मागून घेतलं. वरचं कव्हर गेलेलं, पहिली पानं पुड्यांना लागलेली. ही सगळी थट्टा आहे, असं सांगणारं पान कुणाच्या तरी स्वयंपाकघरात जिऱ्याबरोबर पोचलं असणार! पुस्तकात सिकंदराची आई उटण्याची वाटी घेऊन मागे लागते, आणि हा एकेक देश जिंकत पुढे पळतो. पंजाबात येतो तर समोर पाच-पाच नद्या! तिथूनच माघारी फिरतो. मी ते गोठ्यात, वैरणीआड बसून वाचायची. कारण वडिलांनी बजावलं होतं — शाळेबाहेरचं पुस्तक हातात दिसलं, की शाळा बंद. पोरगी चौथीत बसते, हेच भावकीला खुपत होतं.

मग एक दिवस शाळेत दिपोटी आले, तपासणीचे साहेब. गावचे चार मोठे लोक बाकावर बसलेले, त्यांत माझे वडील. साहेबांनी विचारलं, सिकंदर हिंदुस्थानातून परत का गेला?

बोट कुणाचं वर? या विदुषीचं! तेलानं थापलेल्या दोन वेण्या, ताठ मान —

"अंघोळ चुकवायला, साहेब!"

वर्ग खदखदला. साहेब हसले नाहीत. "हे कुणी शिकवलं?"

बघा, इथे आले की माझं पाऊल अडतं. पुस्तकात वाचलं — एवढंच म्हणायचं होतं ना? दोन शब्द. पण वडील माझ्याकडेच बघत होते. शाळा जाईल, एवढंच डोक्यात. आणि मी — मी बोट उचललं आणि गुरुजींकडे केलं.

"गुरुजींनी."

गुरुजींनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा माझ्या वडिलांकडे. मग म्हणाले, "होय साहेब. चूक माझी आहे."

शेरेबुकात साहेबांनी काय लिहिलं, ठाऊक नाही. महिन्याभरात गुरुजींची बदली झाली, वर अक्राणीत, डोंगरात. हिवतापाच्या भीतीनं तिकडे कुणी जायला राजी नसे. त्यांची ट्रंक गाडीत चढली, तेव्हा अख्खं गाव निरोपाला उभं होतं. मी कुठे होते? वैरणीआड. आणि माझी शाळा? चालू राहिली. चौथी पास झाले, पहिल्या नंबरानं. घरी गूळ वाटला.

पावसाळा सरता सरता बातमी आली. गुरुजी गेले. तापातच.

दिवाळीनंतर त्यांच्या बाई मागे राहिलेलं जातं न्यायला गावात आल्या. मोकळं कपाळ. हात इतके बारीक, की मला ते बघवेनात. जात्याला हात लावायच्या निमित्तानं मी गेले. आज सांगायचंच, असं घरून ठरवून गेले होते. डोळे भरले, तोंडही उघडलं. पण बाईंनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि आधी त्याच बोलल्या. ते ऐकून मी जे तोंड मिटलं, ते आज, या वयात, तुमच्यापुढे उघडते आहे.

बाई म्हणाल्या, "रडू नको, माय. तुन्हा काय दोष? तुन्हा गुरुजी नेहमी सांगेत माले — साहेबसमोर सगळा घाबरी गयात, एकच पोर खरं बोलनी."