कोरड्या गोधड्या

"हात लावून बघा, नर्सबाई. एक तरी गोधडी ओली आहे का?"

गणपतराव छाती फुगवून विचारत होता. जव्हारात एका शेठजींनी निराधार म्हाताऱ्यांसाठी घर काढलं होतं, त्याचा हा मॅनेजर. मी संस्थानच्या दवाखान्यात नर्स. दुसऱ्या दिवशी दरबारचे कारभारी त्या घराच्या पाहणीला येणार होते, म्हणून डॉक्टरांनी मला आधी पाठवलं होतं.

मी हात लावला. गोधड्या खरंच कोरड्या होत्या, आणि तिथंच माझं डोकं फिरलं. ज्यांना उठता येत नाही अशी माणसं एकही गोधडी भिजवत नाहीत, याचे अर्थ दोनच. एक तर त्यांना कुणीतरी वेळोवेळी उचलून नेतं, नाहीतर त्यांच्या पोटात पाणीच जात नाही. उचलायला तिथं एकटा गणपतराव होता, आणि त्याला स्वतःचं पोटच जेमतेम उचलवत होतं.

कोपऱ्यात दाभोशाची सोमीबाय पडली होती. जन्म भाताच्या खाचरात गेला, पाय गेल्यावर बघणारं कुणी उरलं नाही म्हणून इथं आणलेली. तिची जीभ पाहिली. कोरडी ठाक, चिरा पडलेली. मग कपाळावरची कातडी चिमटीत धरून सोडली. हाताची कातडी म्हातारपणी तशीही सैल असते, म्हणून आम्ही कपाळ बघतो. अंगात पाणी असलं की धरलेली कातडी सोडल्यावर लगेच बसते. सोमीबायची तशीच उभी राहिली. पाण्याचं मडकं भरलेलं होतं, पण पार दाराशी.

मी पेला पुढं केला. तिनं तोंड फिरवलं.

"नको बाय. ओलां झालां त तो बाहेर निजवतो."

"बाहेर कुठं?"

"पडवीत. थंडीत."

गणपतराव हसला. "म्हातारीला भ्रम झालाय."

"भ्रम तहानेनंही होतो," मी म्हटलं आणि तडक दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता, भित्रा होता. "शेठजींना दुखवून चालणार नाही. उद्याची पाहणी होऊन जाऊ दे, मग बघू."

"मग बघायला सोमीबाय तर उरली पाहिजे."

"नर्सबाई, गणपतरावाच्या कामात तुम्ही तोंड घालू नका."

"तोंड नाही घालत. पाणी घालते."

त्याच संध्याकाळी मी बोंडलं घेऊन परत गेले. तान्ह्या मुलांना दूध पाजायचं ते चोचीचं बोंडलं. आडव्या माणसाला पेल्यानं पाजलं तर ठसका लागतो. नागलीची पातळ पेज केली, मीठ घातलं, आणि एकेकाचं डोकं मांडीवर घेऊन थेंबथेंब पाजत गेले. गणपतराव मडकं उचलायला आला. मी मडक्यावर हात ठेवून उभी राहिले. माझ्या अंगाला हात लावायची त्याची छाती झाली नाही.

सोमीबाय तोंड उघडेना. "तुला बाहेर निजवलं तर मीही तुझ्याशेजारी निजेन," मी म्हटलं. तिनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग प्यायली, आणि बोंडलं सोडेना. मला रडू आलं, आणि रडण्यापेक्षा संताप जास्त आला.

रात्री मी तिथंच राहिले, सकाळी पुन्हा तेच केलं. दुपारी कारभारी आले, मागं डॉक्टर. दारातच दोघांनी नाकाला रुमाल लावले. एकही गोधडी कोरडी नव्हती.

"या बाईनं घाण केली, साहेब," गणपतराव म्हणाला.

"हो, मीच केली," मी म्हटलं. "काल इथं सगळं कोरडं होतं. माणसं तहानेली ठेवून कोरडं राखलेलं."

कारभाऱ्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर खाली बसले, एकेकाची जीभ पाहिली, सोमीबायच्या कपाळाची कातडी चिमटीत धरून पाहिली. उठले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. "नर्सबाई म्हणतात ते खरं आहे."

कुणी काही बोलायच्या आत सोमीबायनं गोधडी अंगावरून दूर केली आणि गणपतरावाकडे पाहिलं.

"मी ओली केली. आता निजव बाहेर."

गणपतराव त्याच दिवशी बाहेर गेला. उचलायला आणि धुवायला जामसरच्या दोन दणकट बाया ठेवल्या. शेठजी माझ्याशी पुन्हा कधी बोलले नाहीत, त्यावाचून माझं काही अडलं नाही. सोमीबाय पुढची भातकापणी पाहून गेली, रोज गोधडी भिजवत.

तेव्हापासून म्हाताऱ्यांच्या घरात कुणी मला स्वच्छता दाखवायला लागलं, की मी गोधडीला हात लावत नाही. आधी जीभ बघते.